हजारातले तीनशे

बाटलीच्या दर्शनी बाजूला ठळक १००० छापलेलं असतं. मागे, चष्मा लावूनही डोळे बारीक करावे लागतील अशा अक्षरांत, ईपीए १८० मिलिग्रॅम, डीएचए १२० मिलिग्रॅम. बाजारातल्या साध्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचं हे ठरलेलं गणित. गिऱ्हाईक ज्या ओमेगा-३ साठी पैसे मोजतं ते हजारातले तीनशे. उरलेले सातशेही माशाचंच तेल, पण त्याच्यासाठी कुणी मुद्दाम दुकानाची पायरी चढणार नाही.

रत्नागिरीतल्या एका जुन्या मेडिकलमध्ये जुलैतल्या एका पावसाळी दुपारी या आकड्यांवरून मामा-भाचीची जुंपली. मामांचा सगळा जन्म औषधं विकण्यात गेलेला. भाची पुण्यात खाद्यतेलं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला. निमित्त झालं व्यायामशाळेत जाणाऱ्या एका पोराचं. त्याने बाटली उचलली, "काका, दिवसाला चार घेतल्या तर चालतील ना?" असं विचारलं, आणि मामांनी "चालतील की, माशाचं तेलच तर आहे," म्हणत पैसे गल्ल्यात टाकले.

पोरगा छत्री उघडून बाहेर पडेपर्यंत भाची गप्प राहिली. मग म्हणाली, "मामा, हे 'चालतील' तू कशाच्या आधारावर सांगितलंस?"

"कशाच्या म्हणजे? तुझ्या आजीने तुझ्या आईला चमच्याने पाजलंय हे. नाक दाबून. कुणाचं काही बिघडलं?"

आजीच्या चमच्यामागे इतिहास भक्कम आहे, आणि मामांना तो पाठ आहे. अठराव्या शतकात मँचेस्टरच्या रुग्णालयात सांधेदुखीवर कॉड माशाच्या यकृताचं तेल देत. तेव्हा ते यकृतं कुजवून काढलेलं, काळपट आणि दुर्गंधीचं असे. १८५० च्या दशकात नॉर्वेच्या पेटर म्योलर यांनी ताजी यकृतं वाफेवर तापवून फिकट, सुसह्य तेल काढलं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांना मुडदूस जडवला आणि याच तेलाने तो टाळून दाखवला. १९२२ मध्ये अमेरिकेत मॅकॉलम यांनी तेलातून हवा खेळवून, तापवून त्यातलं 'अ' जीवनसत्त्व नष्ट केलं, तरी मुडदुसावरचा गुण टिकला. त्या उरलेल्या गुणाला 'ड' जीवनसत्त्व असं नाव मिळालं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकार लहान मुलांना हे तेल वाटत होतं. नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर आपल्याकडे कॉडचं तेल यायचं थांबलं, तेव्हा मुंबई आणि मद्रास इलाख्यांच्या मत्स्यखात्यांनी शार्कच्या, म्हणजे आपल्या मुशीच्या यकृतापासून तेल काढायला घेतलं. पुढे कृत्रिम 'अ' जीवनसत्त्व स्वस्त झालं आणि तो धंदा बसला.

"हे सगळं मान्य," भाची म्हणाली. "पण आजीने पाजलं ते यकृताचं तेल. तू आत्ता विकलंस ते माशाच्या अंगातलं. दोन्ही बाटल्या तू एकाच फळीवर शेजारीशेजारी लावल्यास."

"दोन्ही ओमेगा-३ चीच."

"हो, पण यकृताच्या तेलात 'अ' जीवनसत्त्व ठासून भरलेलं असतं. एका चमच्यात साधारण साडेचार हजार युनिट. मोठ्या माणसाला दिवसाची कमाल मर्यादा दहा हजार. कुणी दोन चमचे घेतलं, वर मल्टिव्हिटॅमिनची गोळी घेतली, की झालंच की. आणि एखादी गरोदर बाई आली तर?"

मामा पहिल्यांदाच थांबले. १९९५ मध्ये अमेरिकेत सुमारे २२ हजार गरोदर स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास छापून आला होता. त्यात तयार स्वरूपातलं 'अ' जीवनसत्त्व रोज दहा हजार युनिटपेक्षा जास्त घेणाऱ्यांच्या बाळांमध्ये जन्मजात व्यंगांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. ब्रिटनची आरोग्यसेवा आज गरोदर स्त्रियांना यकृताचं तेल घेऊच नका असं सांगते. ज्या देशाने युद्धाच्या दिवसांत ते घराघरांत पोचवलं तोच देश हे सांगतोय. तेव्हाची गरज आणि आजचं ताट यांत पाऊण शतकाचं अंतर पडलंय.

"पण गरोदर बायकांना माशाचं तेल नकोच असं तर तू म्हणत नाहीस?" मामांनी लगेच सूत पकडलं. "आमच्या डॉक्टरीणबाई डीएचए लिहून देतात."

"बरोबरच करतात. डीएचए वेगळं, यकृताचं तेल वेगळं." आणि इथे भाचीने स्वतःच्या बाजूला न शोभणारा पुरावा स्वतःच दिला. गरोदरपणातल्या ओमेगा-३ वरचा, वैद्यकीय पुरावा तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेचा २०१८ चा आढावा ७० चाचण्यांचा आणि जवळजवळ २० हजार स्त्रियांचा आहे. ३४ आठवड्यांच्या आत होणारी बाळंतपणं त्यात ४.६ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आलेली दिसली. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या चाचणीत एकूण स्त्रियांमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही तिने सांगितलं. तरी कॅप्सूलच्या बाजूने उभा राहणारा यापेक्षा ठोस पुरावा आज क्वचितच दाखवता येईल. गंमत अशी की तो हृदयाचा नाही, आणि बाटलीवर चित्र मात्र बहुतेक वेळा हृदयाचं असतं.

हृदयाची गोष्ट ग्रीनलँडमध्ये सुरू झाली. बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी १९७० च्या दशकात इनुइट लोकांचं रक्त तपासलं. सील आणि माशांवर जगणाऱ्या या लोकांच्या रक्तातली चरबी डेन्मार्कच्या लोकांपेक्षा वेगळी निघाली आणि त्यांना हृदयविकार कमी होतो अशी समजूत जगभर पसरली. इनुइटांमध्ये हृदयविकार खरोखर किती आहे, हे त्या दोघांनी स्वतः मोजलंच नव्हतं. पण समजुतीला पाय फुटले होते.

"समजूत कसली?" मामा उसळले. "इटलीतली चाचणी विसरलीस? हार्ट ॲटॅक येऊन गेलेली अकरा हजार माणसं. रोज एक कॅप्सूल. मृत्यू कमी झाले. कंपनीच्या एमआरने मला तो कागद दिला होता, मी जपून ठेवलाय."

"१९९९ चा कागद. त्या वेळी कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या सर्रास देत नव्हते. आणि ती कॅप्सूल औषधाची होती, एका ग्रॅममध्ये साडेआठशेच्या आसपास ईपीए-डीएचए. तुझ्या फळीवरच्या तीन घेतल्या तर तिची एक होते."

मग भाचीने अलीकडच्या चाचण्या पुढे मांडल्या. २०१८ मध्ये ब्रिटनच्या 'असेंड' चाचणीत साडेपंधरा हजार मधुमेहींना सात वर्षांच्या आसपास माशाच्या तेलाची किंवा ऑलिव्ह तेलाची कॅप्सूल दिली. हृदयाच्या मोठ्या दुखण्यांत फरक पडला नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या 'व्हायटल'मध्ये जवळपास २६ हजार निरोगी स्त्री-पुरुष होते. मुख्य निकाल शून्य. हार्ट ॲटॅकचा आकडा वेगळा काढला तेव्हा तो तेलवाल्यांत कमी भरला, मामांनी त्यावर बोट ठेवलं. असा पोटातला आकडा पुढच्या चाचणीसाठी धागा म्हणून ठीक असतो. बाटलीवर छापण्याइतका तो पक्का नव्हे.

"आणि ते चार ग्रॅमवालं? अमेरिकेत तर मंजुरी मिळाली त्याला."

मिळाली. 'रिड्यूस-इट' या चाचणीत स्टॅटिन घेऊनही रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी चढलेल्या ८,१७९ रुग्णांपैकी निम्म्यांना शुद्ध ईपीएचं औषध रोज ४ ग्रॅम दिलं आणि हृदयाच्या दुखण्यांत २५ टक्के घट झाली. तुलनेच्या गटाला दिलेलं खनिज तेलच अपायकारक ठरलं असेल का, यावर तज्ज्ञ अजून भांडतात. दोन वर्षांनी 'स्ट्रेंग्थ' चाचणीत १३ हजार रुग्णांपैकी एका गटाला ईपीए आणि डीएचए असलेलं औषध रोज ४ ग्रॅम दिलं, दुसऱ्या गटाला मक्याचं तेल. फायदा दिसेना म्हणून ती मध्येच थांबवली.

"चार ग्रॅम शुद्ध ईपीए तुझ्या बाटलीतून काढायचं म्हणजे रोज बावीस-तेवीस कॅप्सूल," भाची म्हणाली. "ट्रायग्लिसराइड पाचशेच्या वर गेलेल्या माणसाला डॉक्टर ते औषध म्हणून देतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याचं नाव काढून ही बाटली विकण्याबद्दल आहे."

मामांचं उत्तर व्यापाऱ्याचं नव्हतं, शेजाऱ्याचं होतं. "अगं, बायपास झालेला माणूस येतो. घाबरलेला असतो. त्याला काहीतरी करायचं असतं. घेतो एक कॅप्सूल. फायदा नाही झाला तरी तोटा काय?"

या प्रश्नाचं उत्तर पंधरा वर्षांपूर्वी 'काही नाही' असं देता आलं असतं. आज येत नाही. वरच्या मोठ्या चाचण्यांतूनच एक नको असलेली गोष्ट पुढे आली: एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडणं. त्यातून गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. २०२१ मध्ये सात चाचण्या, ८१ हजारांहून जास्त माणसं, असा एकत्रित हिशेब मांडला गेला. रोज एक ग्रॅमपेक्षा जास्त ओमेगा-३ घेणाऱ्यांत हा धोका सुमारे ४९ टक्क्यांनी वाढलेला होता, एक ग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत सुमारे १२ टक्क्यांनी. टक्के ऐकून दचकायला नको. 'स्ट्रेंग्थ'मध्ये मक्याच्या तेलाच्या गटात शंभरातल्या १.३ जणांना हा त्रास झाला, ओमेगा-३ च्या गटात २.२ जणांना. तरीही युरोपच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये ओमेगा-३ च्या औषधांच्या माहितीपत्रकात हा दुष्परिणाम लिहायला लावला. बाटलीतलं पूरक त्या नियमाच्या कक्षेबाहेर राहिलं, कारण ते औषध नाही, अन्न आहे.

"म्हणजे तो पोरगा?" मामांनी दाराकडे पाहिलं.

"चार कॅप्सूलमध्ये बाराशे मिलिग्रॅम. विशीतला आहे, त्याला बहुधा काही होणार नाही. पण तेच वाक्य तू बायपासवाल्यालाही म्हणतोस. त्याच्या चिठ्ठीत रक्त पातळ करणारी गोळी आहे का, ठोके कधी चुकले होते का, हे तुला विचारावंसं वाटत नाही. कारण हे नुसतं माशाचं तेल."

मामांनी फळीवरची बाटली उतरवली आणि लेबल वाचलं. औषधी वापरासाठी नाही, असं त्यावर स्पष्ट होतं. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे पूरकांविषयीचे २०१६ चे नियम लागू झाल्यापासून असं लिहावं लागतं. औषधाच्या दुकानात, औषधाच्या फळीवर, औषधासारख्या कॅप्सूलमध्ये ती वस्तू ठेवायची आणि वर हे वाक्य छापायचं, यातला विरोध नियम करणाऱ्यांना दिसत नसेल असं नाही.

खरी चुरस मात्र अजून व्हायची होती. भाचीने एक कॅप्सूल मागून घेतली, कात्रीने टोक कापलं आणि मामांच्या नाकाखाली धरली.

"लिंबाचा वास येतोय," मामा म्हणाले.

"तेच म्हणतेय. माशाच्या तेलाला लिंबाचा वास कशाला हवा?"

हा तिचा प्रांत. शेंगदाण्याच्या तेलातल्या मुख्य मेदाम्लाला एक दुहेरी बंध असतो. ईपीएला पाच, डीएचएला सहा. हवेतला प्राणवायू याच बंधांच्या शेजारी घाव घालतो, त्यामुळे ज्या रचनेपायी हे तेल मौल्यवान, तिच्यापायीच ते लवकर खवट होतं. उजेड, उष्णता, धातूचा अंश, सगळ्यांनी वेग वाढतो. आधी पेरॉक्साइड तयार होतात. ते पुढे मोडून अल्डिहाइड होतात आणि माशाचा तो कुबट वास येतो. प्रयोगशाळेत दोन्ही मोजतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या २०१७ च्या प्रमाणानुसार पेरॉक्साइडचा आकडा ५ पर्यंत, अल्डिहाइड मोजणारा ॲनिसिडीनचा २० पर्यंत, आणि दोघांचा मिळून 'टोटॉक्स' २६ पर्यंत हवा. इथे एक मेख आहे. तेल जुनं झालं की पेरॉक्साइड मोडून जातात आणि त्यांचा आकडा पुन्हा खाली येतो. म्हणजे एकच आकडा दाखवून खवट तेलही ताजं म्हणून खपवता येतं. दुसरी मेख सुगंधाची. लिंबा-संत्र्याच्या अर्कात स्वतःचेच अल्डिहाइड असतात, त्यामुळे ॲनिसिडीनची चाचणी गोंधळते. गिऱ्हाइकाचं नाक आणि केमिस्टचं यंत्र, दोन्ही एकाच थेंबाने फसतात.

"न्यूझीलंडमध्ये २०१५ साली बत्तीस ब्रँड तपासले," ती म्हणाली. "लेबलवर लिहिलेलं ओमेगा-३ पूर्ण भरलं फक्त तीनांत. पेरॉक्साइडची मर्यादा ऐंशी टक्क्यांहून जास्त बाटल्यांनी ओलांडलेली. आणि हा थंड देश आहे, मामा. तुझं दुकान मे महिन्यात किती तापतं? कुरियरची गाडी किती तापते?"

"मग दुसरं पण सांग ना," मामा म्हणाले. त्यांच्या हातात मोबाईल होता. भाची तेलाचं रसायन सांगत असताना ते स्वस्थ बसले नव्हते. "वर्षभराने ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी दोन्ही देशांतल्या बाटल्या तपासल्या. लेबलप्रमाणे माल निघाला, खवटही नव्हता. हे बघ, इथे लिहिलंय."

तिने मान्य केलं. २०१६ चा तो अभ्यास खरा आहे आणि पहिल्याच्या निष्कर्षाला सरळ छेद देतो. त्यात बाटल्या थोड्या होत्या, पण मोजणी नीट होती. आणि न्यूझीलंडच्या आकड्यांवर पद्धतीचे आक्षेप घेतले गेलेत, हे तिच्या क्षेत्रातल्या माणसांना ठाऊक असतं. दोन्ही वाचून उरतं ते एवढंच की बाटली-बाटलीत आणि साठवणुकीत फरक पडतो, आणि बाहेरून तो कळत नाही.

मामांनी मुद्दा सोडला नाही. "आणि खवट तेलाने माणसाला होतं काय? तेवढं सांग."

याचं प्रामाणिक उत्तर भाचीच्या पक्षाला फारसं सोयीचं नाही. २०१२ मध्ये नॉर्वेत निरोगी माणसांना सात आठवडे मुद्दाम ऑक्सिडाइझ झालेलं तेल दिलं, रोज ८ ग्रॅम. रक्तातल्या तपासण्यांत लक्षात येण्याजोगा बिघाड दिसला नाही. उलट न्यूझीलंडमध्ये गाभण उंदरांना अतिशय खवट तेल पाजलं तेव्हा नवजात पिल्लं मोठ्या संख्येने दगावली. सात आठवडे आणि निरोगी माणसं एकीकडे, अतिखवट तेल आणि उंदीर दुसरीकडे. वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्या साठीतल्या माणसाबद्दल यांपैकी एकही सांगत नाही. भाचीचं म्हणणं इतकंच की खवट शेंगदाणा आपण थुंकून टाकतो, आणि कॅप्सूलने ती संधीच काढून घेतली आहे. त्यावर मामांकडे उत्तर नव्हतं. महिन्यातून एकदा एक कॅप्सूल फोडून हुंगावी, हा सल्ला त्यांना आवडला. तो गिऱ्हाइकांना सांगणार का, यावर ते काही बोलले नाहीत.

एका गोष्टीत मात्र मामांनी तिला साफ हरवलं. पारा. मोठ्या शिकारी माशांत, मुशी-मोरीसारख्यांत, पारा साठतो, म्हणून लोक मासे टाळून कॅप्सूलकडे वळतात; भाचीला वाटलं मामा याची टर उडवतील. त्यांनी उलट विचारलं, "पारा माशाच्या मांसाला धरून असतो की तेलाला?" मांसातल्या प्रथिनांना. तेलात तो जवळजवळ उतरत नाही. तेलात विरघळतात ते पीसीबी आणि डायॉक्सिनसारखे पदार्थ, आणि निर्वातात ऊर्ध्वपातन करून चांगले कारखाने तेही बरेचसे काढून टाकतात. "म्हणजे मोरीच्या रश्श्यापेक्षा माझी बाटली या बाबतीत बरी," मामा म्हणाले, आणि हे खरं आहे.

"मोरी खा कोण म्हणतंय? तारली खा, बांगडा खा. लहान मासे, आयुष्य थोडं, पारा साठायला वेळच नाही. डबाबंद तारलीतसुद्धा शंभर ग्रॅमला ग्रॅमभर ईपीए-डीएचए असतं. तुझ्या तीन कॅप्सूलच्या वर. शिवाय प्रथिनं, कॅल्शियम, 'ड'."

"आणि तळतेस कशात?"

भाची हसली. बांगडा तेलात तळला की त्याची चरबी कढईत उतरते आणि कढईतलं तेल त्यात शिरतं. तिखलं केलं तर रस्सा ताटातच राहतो, काही वाया जात नाही. पण तळलेला तुकडा हवा असणाऱ्या नवऱ्या-मुलांना हे सांगायला मामांचं दुकान पुरत नाही. शिवाय तारली तरी दरवर्षी कुठे मिळते? केरळात २०१२ मध्ये तिचा विक्रमी सुकाळ होता, आणि २०२१ मध्ये तिथली मासळी साडेतीन हजार टनांच्याही आत घसरली. तिकडे पेरूच्या किनाऱ्यावरही तीच तऱ्हा. साध्या कॅप्सूलचं तेल बरंचसं तिथल्या अँचोव्हेटा या वीतभर माशातून येतं. २०२३ मध्ये समुद्र तापला, तिथला पहिला हंगामच रद्द झाला आणि माशाच्या तेलाचे भाव जगभर कधी नव्हते इतके चढले. तेल महागलं की भेसळीला जोर येतो, ही भाचीची धास्ती अगदीच हवेतली नाही.

शाकाहारी गिऱ्हाइकाचा विषय त्यांनी घाईत उरकला. जवसाची चटणी उत्तम, पण तिच्यातल्या ओमेगा-३ चं शरीर ईपीए थोडंसंच बनवतं आणि डीएचए तर नावापुरतं. शेवाळाच्या तेलात थेट डीएचए असतं. मासेही ते शेवाळाच्या साखळीतूनच मिळवतात. महाग पडतं एवढंच. या एका मुद्द्यावर दोघांचं भांडण नव्हतं.

भांडण उरलं ते शेवटच्या मुद्द्यावर. मामा म्हणाले, "आठवड्यातून दोनदा तिखलं खा, हे तुझं म्हणणं मला पटतं. पण जून-जुलै मासेमारी बंद. लगेच श्रावण. मग गणपती. माझं निम्मं गिऱ्हाईक तीन-साडेतीन महिने माशाला शिवत नाही. त्यांना काय सांगू?"

"लाल पेशी चारेक महिने जगते, मामा. ओमेगा-३ तिच्या भिंतीत बसलेलं असतं, हळूहळू उतरतं. बंदीच्या पहिल्या आठवड्यात कुणी कोरडा पडत नाही. आणि जून-जुलैत घरात सुका बांगडा असतोच की."

"सुका बांगडा." मामांनी शब्द चघळला. "उन्हात, उघड्यावर, चार-चार दिवस वाळवलेला. मग पत्र्याच्या डब्यात. त्याचा पेरॉक्साइडचा आकडा काढलायस कधी तुझ्या लॅबमध्ये?"

काढला नव्हता. भाचीने मामीला हाक मारून दोन सुके बांगडे वर्तमानपत्रात बांधून मागितले, आणि रात्रीच्या पुण्याच्या गाडीत शेजारी बसणाऱ्याचं काय होईल, याची चिंता मामांवर सोडली.